मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर: घरी आल्यापासून द्राक्षाच्या मांडवाखाली परत जाईपर्यंत

मानेचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा होते ती डॉक्टर कोण, खर्च किती आणि नाशिकलाच करायचं की मुंबईला न्यायचं याची. घरी आणल्यावर उशी कोणती द्यायची, भाकरी चालेल की पेज, अंघोळ कशी घालायची, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नाही. मग दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज मिळतो आणि पहिल्याच रात्री हेच प्रश्न समोर येतात.

आमच्या घरात अशी दोन ऑपरेशनं झाली. माझं पुढून, सासऱ्यांचं मागून. मी नाशिकमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून काम करणारी, सासरे दिंडोरी तालुक्यातले द्राक्षवाले. दोघांचं बरं होणं इतकं वेगवेगळं होतं की एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडेना. तुमच्या सर्जनने लिहून दिलेलं आणि इथलं यात फरक पडला, तर सर्जनचं ऐका. त्यांनी तुमची मान आतून पाहिलेली असते.

आधी आपलं ऑपरेशन कोणतं ते नीट माहीत करून घ्या

मानेत सात मणके. त्यातल्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या गाद्या सगळ्यात जास्त त्रास देतात. पुढून ऑपरेशन करताना गळ्याच्या एका बाजूला छोटीशी आडवी चीर घेतात, श्वासनलिका आणि अन्ननलिका हलकेच बाजूला सारतात, खराब गादी काढतात आणि त्या जागी हाडाचा तुकडा किंवा छोटा पिंजरा बसवतात. बहुतेक वेळा वरून टायटॅनियमची प्लेट आणि स्क्रू येतात. पुढे काही महिन्यांत ते दोन मणके जुळून एक होतात. काहींना कृत्रिम गादी बसवतात, तिथे मणके जोडायचे नसल्यामुळे बंधनं कमी असतात. मागून ऑपरेशन करतात तेव्हा मणक्याची मागची कमान काढतात किंवा दारासारखी उघडून मज्जारज्जूला जागा करून देतात. ही दुसरी पद्धत जपानी सर्जननी १९७०च्या दशकात रुळवली.

पुढून झालं असेल तर पहिले काही दिवस गिळायला त्रास आणि आवाज बसलेला. मागून झालं असेल तर गळा ठीक, पण मानेचे स्नायू बाजूला केलेले असल्यामुळे दुखणं जास्त आणि जास्त दिवस.

ऑपरेशन कशासाठी झालं हेही तितकंच महत्त्वाचं. नुसती नस दबली होती म्हणून हात ठणकत होता, तर ती कळ पुष्कळदा शुद्धीवर येतानाच गेलेली असते. मज्जारज्जू दबला होता, म्हणजे चालताना तोल जात होता, शर्टाची बटणं लागत नव्हती, तर ऑपरेशनचा पहिला हेतू बिघाड तिथेच थांबवणं हा असतो. सुधारणा होते, पण तिला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. साधारण क्रम असा: आधी कळ जाते, मग ताकद येते, मुंग्या आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी. काहींच्या बोटाच्या टोकाला थोडा बधिरपणा कायमचाही राहतो. हा क्रम माहीत नसला की माणूस तिसऱ्या आठवड्यात “ऑपरेशन फेल गेलं” म्हणून हाय खातो.

हॉस्पिटलमधून निघण्याआधी

डिस्चार्ज कार्ड हातात पडेल ते इंग्रजीत आणि अर्धं आद्याक्षरांत. आमच्या हातात असाच कागद देऊन “सगळं लिहिलंय त्यात” म्हणून बोळवण झाली होती. तिथेच खुर्ची ओढून बसा आणि विचारून मराठीत लिहून घ्या: कोणत्या मणक्यांचं झालं, मानेचा पट्टा (कॉलर) किती दिवस आणि झोपेत लावायचा का, टाके काढायचे की आपोआप विरघळणारे, कोणती दुखण्याची गोळी अजिबात घ्यायची नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला. प्लेटचं किंवा पिंजऱ्याचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं असतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टायटॅनियम असल्यावर पुढे एमआरआय साधारणपणे करता येतो, पण तिथले लोक आत काय बसवलंय हे विचारतातच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर निघताना हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, भेटा. घरी न्यायची औषधं आणि पुढची तपासणी यातलं काय योजनेत बसतं ते त्याच्याकडूनच कळतं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८. सातपूर-अंबडच्या कारखान्यात असाल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट सुरुवातीपासून सलग लागतं, महिन्याभराने आठवण झाली की हेलपाटे सुरू. खासगी मेडिक्लेममध्ये डिस्चार्जनंतरच्या औषधांची आणि फिजिओची बिलंही ठरावीक दिवसांपर्यंत मिळतात. पॉलिसी काढून ती मुदत बघा आणि मेडिकलवाल्याकडून प्रत्येक वेळी पक्कं बिल घ्या.

घरी आणताना गाडीची पुढची सीट थोडी मागे झुकवा, पट्टा लावा, सीटबेल्ट लावाच. मुंबईहून येत असाल तर आमण्याला समृद्धी महामार्ग धरून इगतपुरीपर्यंत आलात की कसारा घाटाची वळणं टळतात. वाटेत तासाभराने गाडी थांबवून दोन मिनिटं उभं राहायचं. शहरात सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी उखडलेला असेल सांगता येत नाही, तेव्हा शेवटच्या दोन किलोमीटरला घाई नको. गतिरोधकावर गाडी आदळली की दुखणं कळतं ते संध्याकाळी.

घर आधी लावून घ्या

हे काम घरच्यांनी पेशंट हॉस्पिटलमध्ये असतानाच उरकावं. रोज लागणारं सगळं कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर आणून ठेवा: औषधं, चार्जर, चहा-साखरेचे डबे, कपडे. वरच्या फळीवरचं काढायला मान मागे जाते आणि खालच्या कप्प्यातलं काढायला पुढे, पहिले सहा आठवडे दोन्ही नको. बाथरूममध्ये पाटाऐवजी प्लास्टिकचं पक्कं स्टूल. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते, ती आणाच. सासऱ्यांना हे मान्य नव्हतं, पण पाय लटपटत असताना उकिडवं बसून उठणं म्हणजे पडायला आमंत्रण. कॉट खूप खाली असेल तर गादी वाढवा. जमिनीवरचं अंथरूण सध्या बंद.

पायपुसणी, सतरंजीची मुडपलेली कडा, दारातल्या चपलांचा ढीग, सगळं उचला. पट्टा लावलेल्या माणसाला स्वतःची पावलं दिसत नाहीत. उंबरठा, पायरी, अंगणात आडवं झोपलेलं कुत्रं, काहीच दिसत नाही. पहिल्या महिन्यात मला मान दुखण्यापेक्षा ठेचकाळण्याची भीती जास्त वाटायची.

उठणं, झोपणं

हॉस्पिटलमध्ये एकदा शिकवतात आणि घरी येईपर्यंत विसरायला होतं. उताणं झोपलेलं असताना आधी दोन्ही गुडघे मोडायचे. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी कुशीला वळवायचे, ओंडका लोटतात तसे. आता पाय कॉटखाली सोडायचे आणि त्याच वेळी वरच्या हाताचा पंजा व खालचं कोपर गादीवर रेटून बसतं व्हायचं. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही, पाच-सहा श्वास जाऊ द्यायचे. गोळ्यांनी चक्कर येते ती याच क्षणी. झोपताना हेच उलट. घरच्यांनी मदत करायची ती खांद्यामागे हात देऊन. हात धरून ओढून उठवायचं नाही, प्रेमानेसुद्धा नाही.

झोप पाठीवर किंवा कुशीवर. पाठीवर असाल तर एक पातळ उशी. कुशीवर असाल तर खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल एवढी जाड, म्हणजे मान ना खाली लोंबते ना वर ढकलली जाते. पालथं झोपणं बंद. पुढून ऑपरेशन झालेल्यांना पहिल्या तीन-चार रात्री पाठीमागे उशा रचून थोडं उंचावर झोपलं की गळ्याची सूज कमी जाणवते. खांद्यांच्या मधोमध, पाठीच्या वरच्या भागात एक खोल दुखणं येतं. मणक्यांमधली जागा थोडी उंचावली गेल्यामुळे आणि स्नायू आवळल्यामुळे ते असतं. तो हृदयाचा त्रास असेल या भीतीने आमच्याकडे रात्री बरीच धावपळ झाली. तुमचं वय, बीपी, शुगर बघता शंका वाटली तर जरूर दाखवा. पण हे दुखणं नेहमीचं आहे एवढं माहीत असावं.

गिळणं आणि आवाज

हा भाग पुढून ऑपरेशन झालेल्यांसाठी. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, घोट खाली उतरताना थांबतो, आवाज घोगरा येतो. अन्ननलिका बाजूला सारलेली असते, स्वरयंत्राकडे जाणारी नस ताणली गेलेली असते, शिवाय भूल देताना घशात नळी घातलेली असते. बहुतेकांचं हे काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतं.

तोवर खाणं मऊ आणि ओलसर. गुरगुट्या भात आणि वरण, मुगाची खिचडी, दलिया, शिजवून घोटलेली भाजी, ताक, कस्टर्ड. आपल्याकडची नागलीची (नाचणीची) पेज यात सगळ्यात उजवी: सहज उतरते आणि कॅल्शियमही देते. ताक फार थंड नको. भाकरी खायचीच असेल तर दुधात नाहीतर आमटीत कुस्करून. कोरडी चपाती, शेंगदाण्याची चटणी, पापड, चिवडा आणि फरसाणावर तर्री ओतलेली मिसळ यांना थोडं थांबवा. मिसळ कुठे पळून जात नाही. पोट भरत नाही म्हणून प्रथिनं कमी पडू देऊ नका. हाड जुळायला ती लागतात. अंडं चालत असेल तर मऊ उकडून, नाहीतर डाळ, दूध, पनीर.

छोटा घास, ताठ बसून, हनुवटी किंचित खाली. इथे आपली एक सवय आडवी येते: तांब्या किंवा बाटली उंच धरून, मान मागे टाकून, ओठ न लावता पाणी पिणं. हे पूर्ण बंद. मान मागे जाते, त्यातच पाणी श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो आणि ठसक्याने जखमेवर ताण येतो. गुळण्या करतानाही मान मागे जाते, म्हणून घशाला बरं वाटावं म्हणून कोमट पाण्याचे घोट घ्या. मोठी गोळी उतरत नसेल तर कुटून घेण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटल्या की काम बिघडतं. दोन-तीन महिने झाले तरी घास अडकतोय किंवा आवाज फुटत नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

पट्टा

पट्ट्याबद्दल दोन डॉक्टरांचं एकमत सापडणं कठीण. एकाच पातळीवर, म्हणजे लागून असलेल्या दोनच मणक्यांवर, प्लेट बसवली असेल तर काही सर्जन पट्टा देतच नाहीत, काही दोन-चार आठवडे देतात. दोन-तीन पातळ्या असतील किंवा हाड ठिसूळ असेल तर कडक पट्टा सहा आठवडे किंवा जास्त. शेजारच्या काकांना तीन महिने होता म्हणून तुम्हीही लावत बसू नका. गरजेपेक्षा जास्त दिवस पट्ट्यात राहिलेली मान लुळी पडते, स्नायू काम विसरतात.

मऊ पट्टा हाड धरून ठेवत नाही. तो तुम्हाला आणि समोरच्याला आठवण करून देतो, एवढंच त्याचं काम, आणि गर्दीत ते कामही मोठं असतं. कडक पट्टा मात्र नीट बसलेला हवा: हनुवटी टेकते पण तोंड उघडतं, मागची बाजू जखमेवर घासत नाही. आत पातळ सुती फडकं किंवा मलमलीची पट्टी घाला आणि रोज बदला. एप्रिल-मेमध्ये हे न करणाऱ्यांची त्वचा हनुवटीखाली आणि कानामागे सोलवटते. पट्टा काढून पुसून घ्यायचं ते उताणं झोपून, मान स्थिर ठेवून. मंगळसूत्र, चेन सध्या डब्यात. मागून ऑपरेशन झालेल्या बायकांनी अंबाडा जखमेवर येणार नाही असा वर बांधायचा किंवा वेणी पुढे घ्यायची. कपडे पुढून बटणांचे. टी-शर्ट डोक्यातून घालताना मान कशी वळते ते एकदा आरशात बघा म्हणजे कळेल.

जखम आणि अंघोळ

टाके काढायचे असतील तर बहुधा १० ते १४ दिवसांनी. तोवर कोरडी ठेवा. डॉक्टरांनी परवानगी दिली की मानेखालून अंघोळ, स्टूलवर बसून, मगाने. केस धुताना पुढे वाकायचं नाही आणि पार्लरसारखं बेसिनवर मान मागे टाकायची नाही. दुसऱ्याने हँडशॉवरने धुवावेत. हळद, तेल, कडुलिंबाचा पाला, काहीही जखमेवर नाही. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवणं हेच जखमेचं खरं औषध.

चालणं

पहिल्या सहा आठवड्यांत व्यायाम म्हणजे चालणं. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, मग सोसायटीच्या आवारात, मग मैदानावर. एका दमात अर्धा तास चालून दुपारभर झोपून राहण्यापेक्षा हे तुकड्यातुकड्याचं चालणं अंगाला मानवतं. सपाट जागा निवडा. गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक बरा, पण सकाळच्या गर्दीची वेळ टाळून. घाटावरच्या ओल्या पायऱ्या आणि पांडवलेणीचा चढ नंतर. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात तेव्हा पहाटे बाहेर पडू नका, थंडीत मानेचे स्नायू आवळतात. ऊन वर आल्यावर, मफलर गुंडाळून जा.

चालून आल्यावर हात थोडा जड वाटणं, मान थकणं हे ठीक. दुसऱ्या दिवशीही तो थकवा गेला नसेल तर कालचं जास्त झालं.

उचलणं दोन किलोपर्यंत, म्हणजे दुधाच्या लिटरच्या दोन पिशव्या. भरलेला कुकर, पाण्याची बादली, नातू, लॅपटॉपची बॅग, काही नाही. भरलेल्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, तो सरकवायलाही जाऊ नका. कणीक मळणं वरवर सोपं, पण सगळा जोर खांद्यातून येतो. महिनाभर दुसऱ्या कुणीतरी मळावी. घरच्या पुरुषांना यात चांगली संधी आहे.

मोबाइल डोळ्यांच्या समोर, उशीवर कोपरं टेकवून. मांडीत ठेवून नाही.

गोळ्या, तंबाखू आणि मिसरी

दुखण्याच्या गोळ्या पहिल्या आठवड्यात वेळेवर घ्या, कळ वाढेपर्यंत थांबू नका. त्यातल्या कडक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि कुंथल्यावर जखम ठणकते, म्हणून पाणी, पपई, इसबगोल पहिल्या दिवसापासून. नसांच्या दुखण्यावरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. मणके जोडले असतील तर काही सर्जन डायक्लोफिनॅक, आयब्रुफेनसारख्या गोळ्या काही आठवडे ते महिने वर्ज्य करतात, कारण हाड जुळण्यात त्यांचा अडथळा येऊ शकतो. मेडिकलवाल्याकडून “अंगदुखीची एक द्या” म्हणून मागू नका, तो नेमकी तीच देईल.

तंबाखूबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. निकोटीनने हाडाकडचा रक्तपुरवठा आकसतो आणि मणके जुळायचे राहतात, मग प्लेट-स्क्रू कितीही महागाचे असोत. विडी, सिगारेट, गुटखा, चुना-तंबाखू सगळं त्यात आलं. आणि मिसरीही. “तंबाखू खाता का” विचारल्यावर आपल्याकडच्या आज्या-मावश्या बिनदिक्कत नाही म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिसरी लावतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. घरातल्यांनी डॉक्टरांना हे स्वतःहून सांगायला हवं.

यातलं काही झालं तर थांबायचं नाही

गळ्याला सूज चढत जाणं, श्वास घ्यायला त्रास, लाळही गिळता न येणं: पहिल्या दिवसांत हे झालं तर आत रक्त साठलेलं असू शकतं. सर्जनला फोन लागेपर्यंत वाट पाहू नका, १०८ बोलवा किंवा गाडी काढा. ऑपरेशन झालेलं हॉस्पिटल लांब असेल तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा.

हातापायात नव्याने कमजोरी, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ताप आणि जखमेतून पू, जखमेतून पाण्यासारखं पातळ येणं आणि सोबत बसल्यावर वाढणारी डोकेदुखी, एकाच पायाच्या पोटरीला सूज, छातीत कळ: याला लगेच डॉक्टर. आणखी एक प्रकार आहे, तो माहीत नसल्यामुळे घाबरगुंडी उडते. ऑपरेशन उत्तम होऊनही दोन-चार दिवसांनी एका बाजूचा दंड वर उचलता येईनासा होतो, भांग पाडता येत नाही. पाचव्या नसेचा हा त्रास मागून ऑपरेशन झालेल्यांत जास्त दिसतो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो. कळवायचं मात्र लगेच.

सहा आठवड्यांनंतर

या सुमारास एक्स-रे निघतो आणि सर्जन फिजिओकडे पाठवतात. सुरुवातीचे व्यायाम दिसायला काहीच नाहीत: कपाळावर तळहात ठेवून हलका दाब आणि मान जागची हलू द्यायची नाही, मग डोक्याच्या मागे, मग दोन्ही बाजूंना. खांदे मागे ओढून धरणं. हे करूनच मान उभी राहते. फिजिओकडे रोज जाणं परवडत नसेल तर तसं सांगा आणि आठवड्यातून एकदा जाऊन घरी करायचं शिकून घ्या.

मज्जारज्जू दबलेल्यांना मानेपेक्षा हाताचं काम मोठं. सासऱ्यांना फिजिओने रबरी चेंडू दिला होता, तो दोन दिवसांत कोपऱ्यात पडला. मग सासूबाईंनी ताटात तूरडाळ आणि शेंगदाणे कालवून समोर ठेवले: वेगळे करा. आधी शेंगदाणे चिमटीत यायचे, डाळ निसटायची, बोटाखाली असूनही ती सापडली की नाही हे त्यांना कळत नव्हतं, डोळ्यांनी बघून उचलावी लागायची. पुढे डाळ येऊ लागली. शेवटी जुना सदरा मांडीवर पसरून बटणं लावणं-काढणं, आणि अगदी वरचं, गळ्याजवळचं, न बघता लावायचं बटण सगळ्यात उशिरा जमलं. चेंडू दाबून मूठ घट्ट होते. बोटांची नजर परत येते ती अशा कामांनी.

ऑफिसचं काम असेल तर घरून दोन-चार आठवड्यांत थोडं थोडं सुरू होतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, लॅपटॉपखाली जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड. अर्ध्या तासाने उठायचं. चारचाकी चालवायची ती पट्टा सुटल्यावर, झोपेच्या गोळ्या बंद झाल्यावर, बाजूला वळून आरसा आणि मागचं दिसायला लागल्यावर, आणि सर्जनने हो म्हटल्यावर. दुचाकी त्याहून उशिरा, तीन महिन्यांच्या आत विचारूही नये असं माझं मत. आधी हेल्मेट घालून घरात बसून बघा, त्याचं वजन किती लागतं ते कळेल. शेअर रिक्षात मागच्या रांगेत चौथी सीट होऊन दाटून बसू नका. सिटीलिंकमध्ये उभं राहून वरची कडी धरायची वेळ येणार असेल तर पुढची बस बघा.

कुणी विचारत नाही म्हणून सांगते: नवरा-बायकोचे संबंध दुखणं ओसरल्यावर, साधारण महिन्या-दीड महिन्याने, मानेवर भार येणार नाही अशा बेताने सुरू करायला हरकत नसते. डॉक्टरांना विचारायला लाजू नका, त्यांना हा प्रश्न नवा नसतो.

मांडवाखाली

द्राक्षबागेतलं काम मानेच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), घड बघत फिरणं, तासन्‌तास मान मागे आणि दोन्ही हात वर. कमजोर मानेला नेमकी हीच स्थिती सोसत नाही. ऑपरेशनची तारीख आपल्या हातात असेल तर ती छाटणीचं वेळापत्रक बघून ठरवा. गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) तोंडावर, सप्टेंबरात, ऑपरेशन करून घेतलेला बागायतदार घरात बसत नाही, हे मी पाहिलंय. मज्जारज्जू दबलेला असेल तर मात्र सर्जनने दिलेली तारीख धरा, बागेसाठी पुढे ढकलू नका.

परत जायचं ते तीन महिन्यांच्या एक्स-रेनंतर, आणि आधी नुसतं सकाळी फेरी मारायला. मग रुंद पायांचं स्टूल घेऊन त्यावर उभं राहून, म्हणजे घड डोळ्यांसमोर येतो आणि मान सरळ राहते. पण पायांचा तोल पूर्ण आलेला असेल तरच. नाहीतर स्टूल नको, देखरेख करा. वीस मिनिटं वरचं काम केलं की खाली बघण्याचं काम. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप सहा महिने तरी दुसऱ्याच्या पाठीवर. ट्रॅक्टरवर बसायची घाई नको, बांधावरचे हादरे थेट मानेत जातात. डोक्यावरून क्रेट वाहणं, पाट्या वाहणं कायमचं सोडा. मजूर लावावा लागेल, तो खर्च ऑपरेशनच्या खर्चातच धरून ठेवा.

पुढची वर्षं

“प्लेट बसवली, आता मान वळणार नाही का?” असं सगळे विचारतात. डावी-उजवीकडे वळण्यातली जवळजवळ निम्मी हालचाल सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होते आणि ऑपरेशन बहुधा खालच्यांचं असतं, त्यामुळे एका पातळीच्या जोडणीनंतर फरक फारसा कळतही नाही. दोन-तीन पातळ्या जोडल्या तर वर बघताना आणि गाडी मागे घेताना कळतो. हाड पूर्ण जुळायला तीन महिने ते वर्ष लागतं, म्हणून वर्षाचा एक्स-रे चुकवू नका, बरं वाटत असलं तरी. जोडलेल्या जागेच्या वरच्या-खालच्या गादीवर भार वाढतो. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दरवर्षी साधारण ३ टक्के पेशंटना शेजारच्या पातळीवर नवा त्रास झाल्याचं दिसलं होतं. वर्षांनी पुन्हा हात ठणकू लागला तर “जुनंच आहे” म्हणून सोडून देऊ नका.

काही गोष्टी मात्र कायमच्या बंद. सलूनमध्ये दाढीनंतर डोकं चोळून झटक्यात कटकन मान मोडून देतात, ते. कारागीर बोलता बोलता हनुवटी धरतोच, म्हणून खुर्चीत बसतानाच सांगायचं. हाडवैद्याकडून मान “बसवून” घेणं, माळ्यावर पडलेला जुना ट्रॅक्शनचा (मान ताणायचा) संच लावणं, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारणं तर धडधाकट मानेलाही परवडत नाही. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारणाऱ्यांनी आता काठावरूनच रंग खेळावा, आणि तोही वरून कुणी अंगावर येणार नाही एवढं अंतर ठेवून.